कुजलेल्या लाकडात जिरणारं पातळ इपॉक्सी: जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरला कितपत उपयोगी?

पाचपैकी साडेतीन स्टार. डब्यावर दावा असा की कुजलेलं लाकूड परत नव्यासारखं होतं. तसं काही होत नाही, कडक होतं एवढंच, आणि तेवढीच अपेक्षा ठेवली तर माल चांगलाय.

रेझिन (मूळ चिकट द्रव) आणि हार्डनर (तो घट्ट करणारा) अशा दोन बाटल्या येतात, प्रमाणात मिसळायचं आणि ब्रशने नाहीतर बारीक भोकं पाडून आत सोडायचं. माझ्या ट्रेलरच्या (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर) खिडकीखालच्या लाकडी पट्ट्या इतक्या भुसभुशीत झालेल्या की स्क्रू नुसता गोल फिरायचा, पकड म्हणून नाही. तिथे हे ओतलं तर बघता बघता गायब, परत ओतलं, परत प्यायलं, शेवटी वर ओलसर चकाकी राहायला लागली तेव्हा थांबलो. पूर्ण सेट झाल्यावर नवीन भोक पाडून स्क्रू पिळला, चांगला आवळला गेला. या कामाला फुल मार्क.

पण लाकूड आधी खडखडीत वाळलेलं पाहिजे!! आत पाणी भरलेलं असेल तर इपॉक्सी जिरणार कुठे, वरच पापुद्रा धरतं आणि ओल आत कोंडते. २० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की कुजण्याचा धोका आलाच, म्हणून मी मॉइश्चर मीटर १५ च्या खाली आल्याशिवाय बाटली उघडत नाही. आणि एकदम कपभर मिसळू नका, कप हातात धरवत नाही एवढा तापतो आणि माल तिथेच घट्ट होतो. ग्लोव्हज घाला, खिडक्या उघड्या ठेवा वगैरे आलंच.

खालच्या फ्लोअरला मात्र याच्या भरवशावर राहू नका. प्लायचे थर सुटून फुगले असतील तर तेवढा भाग कापून नवा टाकायचा, दुसरा इलाज नाही. त्यातून बऱ्याच ट्रेलरमध्ये भिंत फ्लोअरच्या कडेवरच उभी असते, म्हणजे सगळ्यात जास्त कुजतं तिथेच वजन, तिथे नुसतं इपॉक्सी पाजून काय होणार.

आणि हे सगळं गळती थांबवल्यावर बरं का. कडेच्या मोल्डिंगखालची (सांधे झाकणाऱ्या पट्टीखालची) जुनी पुट्टी टेप, म्हणजे सांधा बुजवणारी पट्टी, वाळून तडकलेली असते, ती खरवडून ब्युटाइल टेप (रबरासारखी लवचिक राहणारी चिकट पट्टी) लावा. सिलिकॉन नको, पुढच्या वेळी त्याच्यावर काही चिकटत नाही. मग पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर जात, वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे येतात आणि नक्की कुठून शिरतंय ते कळत नाही.