क्लिक झालंच नाही: टॉर्क रेंच घेताना मी कसा फसलो

ऑइल बदलून झालं होतं. ड्रेन प्लगला, म्हणजे इंजिनातलं ऑइल सोडायच्या बोल्टला, नवा वॉशर घातला, मॅन्युअलमध्ये पाहून टॉर्क रेंच 35 न्यूटन-मीटरवर (हे आवळण्याच्या जोराचं माप) लावला आणि ओढायला लागलो. तेवढा जोर लागला की हा पाना क्लिक करतो, मग थांबायचं. क्लिक नाही. हात म्हणत होता, बास झालं. पण हाताचं ऐकायचं असतं तर टॉर्क रेंच घेतला कशाला? खोक्यात कॅलिब्रेशनचं, म्हणजे रेंच अचूक असल्याच्या तपासणीचं, प्रमाणपत्र होतं, माझ्या हाताला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही. आणखी थोडं ओढलं. प्लग एकदम लोण्यात फिरावा तसा हलका झाला. बाहेर काढला तर ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे आटे चकचकीत सुरळीसारखे प्लगला गुंडाळून आले होते.

तेव्हाही मला रेंचचा संशय आला नाही, हे आधी कबूल करतो. आधीच्या मेकॅनिकने वर्षानुवर्षं प्लग आवळून आटे खिळखिळे केले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली, नवे आटे पाडून इन्सर्ट (आट्यांची नवी बाही) बसवून घेतला आणि विषय सोडला.

रेंच ऑनलाइन घेतला होता. नाव एका मोठ्या कंपनीचं, सवलत डोळे दिपवणारी. विक्रेत्याचा दावा होता 10 ते 210 न्यूटन-मीटर, 'स्पार्क प्लगपासून चाकाच्या नटापर्यंत एकच पाना'. खरं तर मला इथेच थांबायला हवं होतं. अशा रेंचसाठी जे मानक आहे, आयएसओ 6789, त्यात भरवशाची पट्टी साधारणपणे कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांपासून वर धरतात. म्हणजे 210 च्या रेंचला 42 च्या खाली फारसं विचारू नये. माझा प्लग होता 35 चा. म्हणजे रेंच अस्सल असता तरी त्या कामाला तो चुकीचाच होता. ही अर्धी चूक माझी.

उरलेली अर्धी मित्रामुळे उघडकीला आली. माझंच ऐकून त्यानेही त्याच विक्रेत्याकडून तोच रेंच घेतला होता. चाकाचे नट त्याने 110 वर लावून नीट क्लिक होईपर्यंत आवळले. पुढे वाटेत पंक्चर झालं तेव्हा गाडीतल्या पान्यावर उभं राहूनही एक नट हलेना. "तुझ्या त्या रेंचने वेल्डिंग केलंय का रे?" हे त्याचं फोनवरचं पहिलं वाक्य.

दोघांची प्रमाणपत्रं शेजारी ठेवली. अनुक्रमांक एकच. 42, 126 आणि 210 या तीन टप्प्यांवरचे प्रत्येकी पाच मोजमापांचे आकडे, पंधराच्या पंधरा, दशांशापर्यंत सारखे. एकाच साच्यातून निघालेले दोन रेंचही पंधरा वेळा तंतोतंत सारखे वागत नाहीत. माझ्या दांड्यावरचा अनुक्रमांक तर कोरलेला नव्हताच. ब्रेक क्लीनरचा फडका लागला तसा पुसला गेला.

मग बादलीची चाचणी केली. ती खरेदी झाल्या दिवशीच करायला हवी होती. रेंचचा चौकोनी खुंटा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडला, दांडा आडवा ठेवला आणि मुठीच्या मध्यावर, खुंट्याच्या केंद्रापासून बरोबर 45 सेंटिमीटरवर बादली टांगली. एका किलोचं वजन एक मीटरवर 9.81 न्यूटन-मीटर देतं, म्हणजे 45 सेंटिमीटरवर 4.41. रेंच 60 वर लावला तर बादलीसकट साधारण 13.6 किलोला क्लिक व्हायला हवं. पाणी मापाने हळूहळू ओतत गेलो. पहिल्यांदा क्लिक झालं 19 किलोला, म्हणजे जवळपास 84 न्यूटन-मीटर! दुसऱ्यांदा 16 ला. तिसऱ्यांदा 21. रेंचचं स्वतःचं वजन मी धरलंच नाही. ते धरलं तर चूक आणखी थोडी वाढते. मानक या पट्ट्यात फार तर 4 टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. सारखाच चुकणारा रेंच निदान हिशेब करून वापरता येतो. हा तर दर वेळी वेगळं खोटं बोलत होता.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: "तुम्ही रेंजच्या बाहेर वापरला असेल." दुसरं: "वापरलेलं हत्यार परत घेतलं जात नाही." तिसरं उत्तर आलं नाही, दुकानाचं पानच गायब झालं. परतीची मुदत तोवर केव्हाच उलटली होती, कारण सर्व्हिसिंगची वेळ येईपर्यंत मी खोकं फळीवर तसंच ठेवलं होतं. तुम्ही खोकं आलं त्याच दिवशी बादली काढा.

चाचणीआधीही एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसली असती. दांड्यावर दोन पट्ट्या असतात, न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड. 100 न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम 74 फूट-पाउंड. माझ्या रेंचवर 100 च्या समोर 80 छापलं होतं. ज्याला पट्टी नीट छापता येत नाही, त्याने आतली स्प्रिंग काय जुळवली असणार?

आता माझ्याकडे दोन रेंच आहेत. छोट्या बोल्टांसाठी 3/8 इंची खुंट्याचा क्लिकवाला, 10 ते 50 चा. चाकांसाठी 1/2 इंची खुंट्याचा, पण काट्यावाला, म्हणजे ज्याचा दांडा वाकतो आणि सरळ राहिलेला काटा पट्टीवर आकडा दाखवतो. तो दिसायला अगदीच ओबडधोबड आहे आणि क्लिकही करत नाही. पण त्यात लपवायला काही नाही, काटा शून्यावर नसेल तर समोर दिसतं. वाकून आकडा वाचावा लागतो, मान दुखते, चालतंय. क्लिकवाला मात्र काम झालं की पट्टीवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवतो, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते.

मित्राची चारही चाकं आम्ही लांब पाइप लावून सोडवली आणि नव्याने आवळली. त्याने आपला रेंच भंगारात दिला. माझा अजून आहे. टॉर्क रेंचने जाम नट सोडवू नये, त्याची जुळणी बिघडते, असं सांगतात. मी त्याने फक्त जाम नटच सोडवतो.