इन्फर्नस की बॅन्शी? बेळगावात बसून गेममधली गाडी खरी करायची तर

'जीटीए व्हाइस सिटी' हा गाड्या पळवायचा कॉम्प्युटर गेम २००२ साली आला. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तो खेळलेली पोरं आता कमावती झाली आहेत, आणि त्यातल्या काहींच्या डोक्यातून त्यातली गाडी खरी बनवायचं काही केल्या जात नाही. खूळ चांगलंच आहे. पण पहिला पाइप कापण्याआधी गाडी कुठली ते ठरवा, कारण इन्फर्नस आणि बॅन्शी या गेममधल्या दोन स्पोर्ट्स कारना लागणारे कारागीर वेगळे आणि डोकेदुखीही वेगळी.

कायदा मात्र दोघींना एकच. जुन्या गाडीवर दुसरी बॉडी चढवली की आरसीवरचा तपशील आणि समोरची गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच अडवतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. सगळी चॅसीच, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, नवा बांधला तर वाहनं तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी आली. ती हौशी माणसाला झेपणारी नाही. 'कोल्हापुरात चालतंय की' असं सांगणारा एक जण प्रत्येक गॅरेजात भेटतो. कायदा केंद्राचा आहे, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून तो बदलत नाही. तेव्हा दोन्ही गाड्या फक्त खासगी जागेत चालवायच्या आणि बाहेर न्यायच्या त्या टेम्पोत घालून. सुटे भाग नोंदणी रद्द झालेल्या भंगार गाडीतून घ्या.

आता इन्फर्नस. व्हाइस सिटीतली इन्फर्नस उघडउघड लॅम्बोर्गिनी काउंटाश या इटालियन स्पोर्ट्स कारवरून घेतलेली आहे. काउंटाश मुळातच कोनाकोनांची, त्यात त्या काळच्या गेमला गोलाई परवडत नसे, म्हणून ही गाडी मोजक्या सपाट तुकड्यांची झाली. आपल्यासाठी हे वरदान आहे. सपाट तुकडा म्हणजे पत्रा कापा, बेंडिंग मशीनवर वाकवा, वेल्ड करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम करणारी शॉप शोधावी लागत नाहीत.

मग स्विफ्टवरच पत्रा चढवला तर? मोह पडतो खरा, कारण आकडाही जुळतो: सुरुवातीच्या काउंटाशचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मिलिमीटर आणि २०१८ च्या स्विफ्टचाही तेवढाच. पण काउंटाशची उंची १.०७ मीटर, स्विफ्टची १.५३. हा जवळजवळ हातभर फरक पुट्टीने भरून निघत नाही. बॉनेट, डॅशबोर्ड, काच सगळंच वर राहतं आणि इन्फर्नसऐवजी चाकं लावलेलं कपाट तयार होतं. म्हणून पाइपची फ्रेम स्वतः बांधणं आलं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सल एकत्र उचलून सीटच्या मागे बसवायचे. स्टिअरिंगचे टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, फ्रेमला पक्के बांधायचे, नाहीतर मागची चाकंही वळायला बघतील.

खरी परीक्षा यापुढे. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणजे पाण्याचे लांब पाइप. त्यांत हवा अडकली की इंजिन तापतं, म्हणून सगळ्यांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू हवाच. गिअरला लांब केबल लागते. ब्रेककडे लोक बघतच नाहीत. पुढचे मोठे डिस्क आता मागे गेलेले असतात, त्यामुळे जोरात दाबला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब नव्याने वाटून घ्यावा लागतो. हे काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं नव्हे, जाणत्या मेकॅनिकचं.

बॅन्शीचं बरोब्बर उलटं. व्हाइस सिटीत तिला छतच नाही, म्हणजे दारांच्या काचा आणि छताचं वळण ही कटकट गेली. इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागची. खुद्द गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने 'जीटीए ५' च्या जाहिरातीसाठी वेस्ट कोस्ट कस्टम्स या गाड्या बदलून देणाऱ्या गॅरेजकडून खरी बॅन्शी बनवून घेतली, तीही डॉज व्हायपर या अमेरिकन स्पोर्ट्स कारवर. म्हणजे एवढा पैसा असूनही त्यांनी प्रमाणात बसणारी गाडीच आधी शोधली. आपल्याकडे व्हायपर कुठली? सगळ्यांत जवळची मारुतीची जिप्सी: शिडीसारखी चॅसी, १,२९८ सीसी इंजिन, २,३७५ मिलिमीटर व्हीलबेस. पहिल्या व्हायपरपेक्षा सातेक सेंटिमीटरच कमी. यंत्राला फारसा हात लावायला नको. पण जिप्सीत माणूस चॅसीच्या वर बसतो आणि बॅन्शीत त्याने खाली रुतलेलं दिसायला हवं. म्हणजे सीटखालची फ्रेम कापून खाली घेणं आलंच.

बॉडी फायबरची. थर्माकोलचा आकार, त्यावर थर्माकोल न विरघळवणारी पुट्टी, त्यावरून मोल्ड (साचा), मोल्डमध्ये जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन. शिवजयंतीचे चित्ररथ करणाऱ्या गावात आकाराची नजर असलेले हात मिळतात, हे मान्य. फक्त चित्ररथ लोक रात्री, दिव्यांत, लांबून बघतात. गाडीचा दरवाजा दुपारच्या उन्हात हातभरावरून बघतात, आणि चकचकीत रंगात प्रत्येक लाट उठून दिसते. डावी-उजवी बाजू जुळवायला प्लायवूडचे साचे कापूनच काम करा. खानापूरकडच्या पावसाळी हवेत मॅट ओल धरते आणि रेझिन नीट वाळत नाही, तेव्हा हे काम पावसाळ्याआधी उरका. आणि रेझिनमध्ये घालायचं कोबाल्ट व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, आग लागते.

माझं मत इन्फर्नसला. पत्र्याचा तुकडा चुकला तर कापून नवा लावता येतो; फायबरचा मोल्ड वाकडा निघाला तर महिन्याची मेहनत कचऱ्यात जाते. शिवाय ओळख पटते ती उंचीने आणि काचेच्या उताराने, आणि ते दोन्ही स्वतःच्या फ्रेमवर आपल्या हातात राहतं. मात्र ब्रेक आणि कूलिंग बघणारा माणूस ओळखीत नसेल तर हा नाद सोडा. पैशाचं म्हणाल तर मोठ्या कंपन्याही इथे हात टेकतात: सिट्रोएनने 'ग्रॅन टुरिस्मो' या रेसिंग गेमसाठी केलेली जीटी ही गाडी २००८ च्या पॅरिस शोमध्ये खरी उभी केली, सहा गाड्या काढायचं ठरवलं आणि खर्च बघून बेत रद्द केला.

गाडी चालवायचीच नसेल, कॉलेजच्या फेस्टमध्ये किंवा मंडळाच्या मांडवात नुसती उभी करायची असेल, तर मात्र बॅन्शी घ्या. इंजिन नको, चॅसी नको. आत जुना कॉम्प्युटर, स्टिअरिंग आणि पेडल बसवा आणि पोरांना तिच्यात बसून तोच गेम खेळू द्या. वजन एवढं कमी राहतं की चौघांनी उचलून टेम्पोत घालता येते.