कंट्रोलर दाखवला, लायसन्स मात्र ट्रायलचे : वाय-फाय बसवून घेणाऱ्या संस्थांसाठी

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी देणगीच्या पैशांतून वाय-फाय बसवताना आमची जी फसवणूक झाली, ती इतर वाचनालये, वसतिगृहे आणि गृहनिर्माण संस्था यांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये ॲक्सेस पॉइंट (खोलीत वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे), त्यांना एकाच केबलमधून वीज आणि डेटा पुरवणारा पीओई स्विच आणि या सर्वांवर नियंत्रण ठेवणारा वायरलेस कंट्रोलर अशी यादी होती. सर्वांत मोठी रक्कम कंट्रोलरची होती. कोणत्या ॲक्सेस पॉइंटने कोणत्या चॅनेलवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यातील ठरावीक भागावर) आणि किती पॉवरने चालायचे हे तो आपोआप ठरवील, तसेच प्रत्येक मुलाला वेगाची ठरावीक मर्यादा घालून देईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते.

या दोन्ही सोयींची गरज खरी होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. शेजारचे ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर असले, तर एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावे लागते, त्यामुळे उपकरणे वाढवूनही वेग वाढत नाही. पॉवर जितकी जास्त, तितकी ही अडवणूक लांबवर पोहोचते. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत, परंतु अनेक मुलांचे स्वस्तातले फोन त्या पट्ट्यावर चालतच नाहीत. वेगाची मर्यादा नसेल, तर एखाद्याचे मोठे डाउनलोड बाकीच्यांचे ऑनलाइन वर्ग अडकवते.

प्रात्यक्षिक उत्तम झाले. पडद्यावर चॅनेल बदलताना दिसले, वेगाची मर्यादाही लागली आणि कार्यकारिणीने उरलेली रक्कम चुकती केली. तीन महिने उलटल्यावर सायंकाळच्या वेळी सारेच मंदावले. पुरवठादार प्रत्येक वेळी इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवत असे, आणि कंट्रोलरचा पासवर्ड मागितला की 'सुरक्षेच्या कारणास्तव' देता येत नाही, असे उत्तर मिळे. स्वतः पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा पासवर्ड मालकालाच नाकारला जात असेल, तर तेथेच संशय घ्यावा, असे मला आता ठामपणे वाटते.

परिचयातील एका प्राध्यापकांनी मोबाइलवरील वाय-फाय ॲनालायझरने पाहिले, तेव्हा आमचे सर्व ॲक्सेस पॉइंट चॅनेल ६ वर, एकमेकांच्या डोक्यावर बसलेले दिसले. लेखी तगादा लावल्यानंतर पासवर्ड मिळाला. लायसन्सच्या, म्हणजे कंट्रोलरच्या सोयी वापरण्याच्या परवान्याच्या पानावर 'इव्हॅल्युएशन (चाचणीपुरते), ९० दिवस' असे लिहिलेले होते आणि मुदत केव्हाच संपली होती. आमच्या यंत्रात मुदतीनंतर रेडिओचे स्वयंचलित व्यवस्थापन (चॅनेल आणि पॉवर आपोआप ठरवणे) आणि वेगाची मर्यादा ही दोन्ही बंद पडत होती. बिलावर फक्त 'लायसन्ससह' एवढाच शब्द होता. त्याचा प्रकार, मुदत, किती ॲक्सेस पॉइंटसाठी, यांपैकी काहीही नव्हते. त्याहून गंभीर बाब अशी, की खोक्यावरील सिरियल नंबर आणि यंत्राखालच्या पट्टीवरील नंबर वेगळे होते. उत्पादक कंपनीकडे चौकशी केल्यावर कळले, की ते यंत्र पूर्वीच दुसऱ्या ग्राहकाच्या नावे नोंदलेले होते. नवीन म्हणून वापरलेले यंत्र आमच्या माथी मारले गेले होते.

पुरवठादाराला वकिलामार्फत नोटीस दिली आहे. 'लायसन्स कायमचे असेल असे आम्ही कधीच म्हटले नव्हते,' हे त्याचे लेखी उत्तर आहे. म्हणून कोटेशनवरच लायसन्सचा प्रकार, मुदत आणि ॲक्सेस पॉइंटची संख्या लिहून घ्यावी, ते संस्थेच्या नावावर नोंदवल्याचा पुरावा मागावा आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी लायसन्सचे पान स्वतः उघडून पाहावे. यंत्राखालचा नंबर उत्पादकाकडून तपासून घ्यावा. प्रात्यक्षिक रिकाम्या दालनात मान्य करू नये. दालन मुलांनी भरलेले असतानाच ते व्हावे.

सध्या त्या प्राध्यापकांनी ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरपासून वेगळे करून १, ६ आणि ११ हे चॅनेल हाताने वाटून दिले आहेत, २.४ गिगाहर्ट्झची पॉवर उतरवली आहे आणि वेगाची मर्यादा इंटरनेटच्या राउटरवर घातली आहे. आमच्याएवढ्या जागेला एवढे पुरते. सायंकाळचे वर्ग आता अडकत नाहीत, आणि या कामाला एक रुपयाही लागलेला नाही.