हायवे १२ की मॉन्युमेंट व्हॅली? आणि गाडीत काय लावायचं?

ग्रँड कॅन्यन बघून झालंय, आता आई-बाबांना पुढे कुठे न्यायचं, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गाडं बहुतेक दोन रस्त्यांपाशी येऊन अडतं. एक, ॲरिझोनातल्या पेजहून कायेंटा आणि तिथून यूएस १६३ ने मॉन्युमेंट व्हॅली. दुसरा युटातला हायवे १२, ब्राइस कॅन्यनजवळून टोरीपर्यंत, सव्वाशे मैलांच्या आतबाहेर. पहिला मी जूनमध्ये केला, दुसरा पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर, दोन्ही वेळा आई-बाबा बरोबर होते. तीन-चारच दिवस असतील तर दोन्ही कोंबू नका.

मॉन्युमेंट व्हॅलीचं पहिलं दर्शन विसरता येत नाही. सरळसोट रस्ता, आणि त्याच्या टोकाला ते लाल बुरूज हळूहळू जमिनीतून वर येतात. हा सगळा मुलूख नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा, तेव्हा तिथे त्यांचाच रेडिओ ऐकावा असं मला वाटतं. त्यांच्या विंडो रॉक गावाहून १९८६ पासून चालणारं केटीएनएन, एएम ६६०. पन्नास हजार वॅटचं केंद्र असल्यामुळे फोनची रेंज गेली तरी हे लागतं. निवेदन नावाहो भाषेत, मधूनच कंट्री गाणी, मधूनच ढोलाच्या ठेक्यावरची त्यांची पारंपरिक गाणी. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण निवेदकाचा सूर घरच्या माणसांशी बोलल्यासारखा होता. आई बराच वेळ कान देऊन ऐकत होती.

माझं मत फिरलं ते घड्याळामुळे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो भाग करतो. (त्याच्या पोटातला होपी लोकांचा भाग पुन्हा करत नाही.) हे मी वाचलेलं होतं, तरी व्हायचं ते झालंच. संध्याकाळी सहाची जीपची सहल ठरवली होती. पेजहून तीनला निघालो, हाताशी भरपूर वेळ आहे म्हणून भीमपलास रागाचा विलंबित ख्याल लावला. वाटेत रेंज नव्हती, फोन पेजचीच वेळ दाखवत राहिला. कायेंटाला रेंज आली आणि डोळ्यांदेखत पावणेपाचचे पावणेसहा झाले. गाणं बंद केलं, बोलणं बंद झालं, नुसती गाडी हाणली. पोहोचेपर्यंत जीप गेलेली. पैसे परत मिळाले नाहीत. व्हिजिटर सेंटरच्या कठड्यावरून दोन्ही मिटन आणि मेरिक ब्यूट, म्हणजे तिथले तीन प्रसिद्ध बुरूज, उन्हात पेटलेले पाहिले. सुंदरच होते, पण आमची तिघांचीही मनं त्यात नव्हती.

तुम्ही जास्त काटेकोर असाल तर हे टळेल. पण त्या बाजूला सगळंच वेळ ठरवून आहे. अँटिलोप कॅन्यनमध्ये वाटाड्याशिवाय जाताच येत नाही आणि तिथलं आरक्षण पेजच्या वेळेप्रमाणे. दुसऱ्याच दिवशी मॉन्युमेंट व्हॅली, तिथली वेळ वेगळी. चाळीस मिनिटांचा ख्याल सलग ऐकावा अशी मोकळीक मला त्या दोन दिवसांत एकदाही मिळाली नाही.

हायवे १२ वर कोणी वाट बघत बसलेलं नसतं. ब्राइसला सकाळी तोडी राग ऐकून निघालो. एस्कलांटे गावाच्या पुढे हेड ऑफ द रॉक्स या ठिकाणी देखावा बघायला उतरलो, तेव्हा सारंगाची वेळ झाली होती. खाली सगळीकडे दुधट-पिवळा नावाहो सँडस्टोन (वालुकाश्म) आणि त्यातून आपलाच रस्ता वळत गेलेला दिसतो. पुढचा हॉगबॅक नावाचा अरुंद टप्पा मात्र सांगून ठेवतो. आपल्या घाटात एका बाजूला दरी असली तर दुसऱ्या बाजूला कड्याचा आधार असतो; इथे दोन्हीकडे दरीच. आईने दारावरची मूठ सोडली नाही. त्या टप्प्यात मी काहीच लावलं नाही, तुम्हीही लावू नका. त्यापुढचं बोल्डर गाव इतकं आडबाजूला आहे की १९४० च्या आसपासपर्यंत तिथे टपाल खेचरांवरून यायचं.

बोल्डरनंतर रस्ता साडेनऊ हजार फुटांवर चढतो. सप्टेंबरअखेर तिथले ॲस्पेन वृक्ष हळदीसारखे पिवळे असतात. लार्ब हॉलोच्या कठड्यापाशी आम्ही मावळतीच्या तासभर आधी थांबलो. समोर वॉटरपॉकेट फोल्ड, जमिनीला पडलेली सुमारे शंभर मैलांची घडी, आणि तिच्यामागे हेन्री पर्वत. हलक्या आवाजात मारवा लावला. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर रेंगाळणारा, षड्जावर, म्हणजे सा वर, यायचं टाळत राहणारा राग. सूर्य आमच्या पाठीशी होता. समोरचा लाल खडक आधी तांबूस झाला, मग जांभळा. थंडी वाजायला लागली म्हणून मी निघू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "थांब रे, सा येऊ दे आधी." आम्ही थांबलो.

ज्यांचं मन त्या बुरुजांवरच बसलंय, किंवा ज्यांना उंचीची भीती आहे, त्यांनी मॉन्युमेंट व्हॅलीच करावी. जेवणाखाण्याचे पर्यायही हायवे १२ वर थोडे. आम्हाला घरच्या दशम्या कामी आल्या. तरी मला परत जायचंय ते तिथेच. गाणी घरीच डाउनलोड करून घ्या, आणि मुक्काम टोरीला ठेवा, कारण अंधार पडला की बोल्डर माउंटनवर हरणं रस्त्यात येतात. आम्ही उतरताना तीन भेटली. गाडी अगदी हळू घेतली होती, म्हणून निभावलं.