भेट देताना फिरकी: उघडायला अवघड खोकं की आधी भलतीच वस्तू?

घरच्या कुणाला भेट देताना फिरकी घ्यायची एवढं पक्कं आहे, पण कशी घ्यायची तिथे गाडी अडली असेल तर मुळात पर्याय दोनच आहेत. पहिला म्हणजे वस्तू खरीच द्यायची, पण ती हाती लागेपर्यंत समोरच्याला घाम फोडायचा. दुसरा म्हणजे आधी भलतंच काहीतरी हातात ठेवायचं, चेहरा बघायचा आणि मग खरी वस्तू बाहेर काढायची. चिठ्ठ्यांचा माग (एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता, शेवटी भेट), डब्यातून उसळणारा साप, खोटं लॉटरी तिकीट हे सगळे याच दोघांचे चुलते-मावसभाऊ. माझा कौल पहिल्याला आहे. दुसरा मला आवडत नाही असं नाही, पण तो सगळ्यांना झेपत नाही. देणाऱ्याला तर नाहीच.

उघडायला अवघड

या प्रकारातला आजवरचा कळस अमेरिकेतल्या दोन मेहुण्यांनी गाठला. १९६४ साली एकाला आईकडून मोलस्किन नावाच्या जाड सुती कापडाची पँट मिळाली. थंडीत ती कडक व्हायची, म्हणून त्याने ती पुढच्या नाताळात मेहुण्याला भेट दिली. मेहुण्याने ती परत केली आणि दोघांची जुंपली. पँट आधी अरुंद पाइपात कोंबून आली, मग तारांनी आवळलेल्या गठ्ठ्यात, मग दगड भरलेल्या पेटीत. पुढे काँक्रीट, तिजोरी, दाबून चौकोनी ठोकळा केलेली मोटार आणि सिमेंट भरलेलं अवाढव्य टायर इथपर्यंत मजल गेली. १९८९ साली ती काचेत गोठवायला गेले, वितळलेली काच तिच्यावर सांडली आणि पँटची राख झाली. तिथे खेळ संपला. पंचवीस वर्षं तो चालला, कारण पँट कुणाला हवी होती असं नाहीच. दरवर्षी ती बाहेर कशी काढायची हाच खेळ होता, आणि त्यात वेळ दोघांचाही सारखाच जायचा.

तुम्हाला क्रेन लागणार नाही. खोक्यात खोकं पुरतं, पण ते नीट जमवावं लागतं. पहिलं खोकं उघडल्यावर लोक हसतात, दुसऱ्याला "अरे देवा" म्हणतात आणि तिसऱ्यापासून बाकीचे घरचे जवळ सरकायला लागतात. खरी मजा तिथे सुरू होते. पाच-सहाच्या पुढे मात्र ती उतरायला लागते, कारण मग उघडणारा दमतो आणि बघणारे मोबाइल काढतात.

चिकटपट्टी भरपूर वापरा, पण शेवटच्या खोक्याला अजिबात नको. एव्हाना माणूस सुरी घेऊन आलेला असतो, आणि आत साडी किंवा शर्ट असेल तर पहिलं पातं त्यालाच लागतं. वजनाचीही गंमत करता येते. अंगठीसारखी हलकी वस्तू असेल तर बाहेरच्या खोक्याच्या तळाशी वीट ठेवा आणि एका बाजूला दोन-चार खडे घातलेला पत्र्याचा डबा. उचलणारा आधी खोकं हलवतो, कान लावतो, मग काहीतरी अंदाज ठोकतो, आणि तो अंदाज दिवसभर त्याला ऐकवता येतो.

यात वाईटात वाईट काय होईल? माणूस चिडेल. पण चिडून का होईना, शेवटी हातात खरी वस्तू येते आणि राग तिथेच विरतो. म्हणून हा प्रकार मी बिनधास्त सुचवतो. अपवाद दोन. एक, ज्यांची बोटं दुखतात किंवा नजर कमी झाली आहे त्यांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि गाठी देऊ नका. त्यात गंमत नाही, नुसता छळ आहे. दोन, काँक्रीट आणि फुगणारा फोम यांच्या नादी लागू नका. ओल्या सिमेंटने हाताची कातडी भाजते. फोमच्या वाफा घरात कोंडतात आणि बंद डब्यात तो दाबाने फुटूही शकतो.

आधी भलतीच वस्तू

महागड्या हेडफोनच्या रिकाम्या खोक्यात पायमोज्यांचा जोड. कल्पना साधीच आहे, पण चेहऱ्याकडे नीट बघा. नजर आधी खोक्यावरच्या चित्रावर जाते, मग मोज्यांवर, मग पुन्हा चित्रावर. मग एक क्षण काहीच नाही. आणि मग "अरे वा, मला हवेच होते." या "अरे वा"त सगळी गोम आहे. आता तुम्ही हसलात तर तो माणूस खोटं बोलताना पकडला गेला. नाही हसलात तर खरी वस्तू काढायची वेळ टळत चालली.

नावडती भेट मिळाली की माणसं भाव लपवतात, आणि हे फार लहान वयात सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ साली शाळकरी मुलांना मुद्दाम तान्ह्या बाळाचं खेळणं भेट देऊन त्यांचे चेहरे टिपले. ती पद्धत नंतर इतरांनीही वापरली. थोडक्यात, आपण ज्याला गंमत म्हणतो ती प्रयोगशाळेत मुलांनी निराशा किती गिळली हे मोजायला वापरतात. तेव्हा "पण ती हसली ना!" हा पुरावा म्हणून फारसा टिकत नाही.

वेष्टनाचाही हिशेब आहे. नेवाडा विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बास्केटबॉल संघांचे मग काहींना नीटनेटके बांधून दिले, काहींना गबाळे. गबाळं वेष्टन ज्यांना मिळालं त्यांना आतली भेट जास्त आवडली, कारण त्यांनी फारशी अपेक्षाच ठेवली नव्हती. चकचकीत खोक्यात पायमोजे ठेवणं म्हणजे याच्या बरोबर उलट. आधी अपेक्षा आभाळाला नेऊन टेकवायची आणि मग शिडी काढून घ्यायची.

तरी करायचंच असेल तर खरी वस्तू त्याच खोलीत, हाताशी हवी. मधलं अंतर मिनिटाचं ठेवा. "उद्या देतो" म्हणालात की पोपट होतो, आणि तो पोपट पुढे कित्येक वर्षं तुमच्याच खांद्यावर बसतो. नकली वस्तू निरुपद्रवी असावी. वजनकाटा, केस वाढवायचं तेल, नोकरीच्या जाहिरातींचं कात्रण, बाळाचे कपडे यांतलं काहीही नको. यातून टोमणाच ऐकू येतो आणि मागून कितीही चांगली वस्तू आली तरी तो पुसला जात नाही. शिवाय खरी वस्तू नकलीपेक्षा ठसठशीत चांगली हवी. मोज्यांनंतर रुमाल निघाला तर दोन्ही वेळा निराशाच पदरात पडते.

उलटी बाजू: भिकार खोकं, चांगली वस्तू

या दोघांच्या मधला हा प्रकार मला सर्वांत हुशारीचा वाटतो, आणि लोक तो कमी वापरतात. कॅमेरा द्यायचाय? तो फरशी पुसायच्या मॉपच्या खोक्यात घाला. चेहरा पडतो तो खोकं बघून, आणि उघडल्यावर फुलतो. वरच्या प्रयोगाचा फायदा फुकटात मिळतो. धोका एकच, आणि तो खरा आहे: खोकं न उघडताच माळ्यावर जाईल, किंवा पुढच्या समारंभात दुसऱ्याच कुणाच्या हातात पडेल. त्यामुळे ते तुमच्यासमोरच उघडलं पाहिजे. कुरियरने पाठवायची भेट असेल तर हा नाद सोडा.

दचकवण्याच्या प्रकारांत मला फार रस नाही. डब्यातून उसळणारा स्प्रिंगचा साप अमेरिकेत सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी शतकभरापूर्वी बाजारात आणला. बायकोने जॅमच्या चिकट बरणीची तक्रार केली आणि त्यांना तो सुचला, असं सांगतात. त्याच गृहस्थांच्या शिंका आणणाऱ्या पुडीवर पुढे बंदी आली, कारण ती विषारी निघाली. साप एकदा ठीक आहे, तोही हृदयविकार नसलेल्या माणसाला. उघडताच चमकी उधळणारे बॉम्ब नकोच, पुढे महिनाभर केर काढणारा बहुधा तुम्ही नसता. आणि खोटं लॉटरी तिकीट द्यायचं असेल तर आधी स्वतःला विचारा: त्या अर्ध्या मिनिटात माणूस मनातल्या मनात कर्ज फेडून मोकळा झालेला असतो. त्याला तिथून परत कसं आणणार?

कुणासाठी काय

भावंडांना काहीही चालतं, फक्त पुढच्या वर्षी तुमची पाळी आहे हे ध्यानात ठेवा. जोडीदारासाठी भिकार खोकं उत्तम. नकली वस्तू मात्र वर्षगाठीला नको, त्या दिवशी विनोदापेक्षा विसरभोळेपणाचाच संशय आधी येतो. आईवडिलांसाठी खोक्यात खोकं, पण दोन-तीनच, आणि शेजारी कात्री.

लहान मुलांसाठी चिठ्ठ्यांचा माग सगळ्यात चांगला. चारेक वर्षांच्या आतल्या मुलाला समोरचा मुद्दाम फसवतोय हे नीट कळतच नाही. त्याच्या लेखी जे हातात आलं तेच खरं. २०११ साली अमेरिकेत टीव्हीवरचे विनोदी सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी प्रेक्षकांना सांगितलं होतं की मुलांना मुद्दाम वाईट भेटी द्या आणि चित्रीकरण पाठवा. ते व्हिडिओ जगभर फिरले. बघताना हसू येतं, पण रडणारं पोर आपलं असेल तर कॅमेरा खाली ठेवावा. लहानग्यांच्या हाती न थांबणारं गाणारं कार्डही देऊ नका. त्यात बटणाएवढी बॅटरी असते आणि ती गिळली गेली तर प्रकरण थेट इस्पितळात जातं.

राहिली सासरची मंडळी आणि नवी सून किंवा जावई. त्याच मगांच्या अभ्यासात एक पोटनियम होता: जवळच्या मित्राकडून आलेलं गबाळं वेष्टन चालतं, पण नुसत्या ओळखीच्या माणसाकडून नीट बांधलेलंच आवडतं, कारण तिथे माणूस वेष्टनावरून नातं जोखतो. तेव्हा पहिल्या वर्षी साधी, नीट बांधलेली भेट द्या. फिरकी पुढच्या वर्षी घ्या, आणि तीही त्यांनी तुमची एकदा घेतल्यावर.