लायल्स, थॉम्पसन, टेबोगो की अल्फ्रेड? २०२४ च्या मोसमातली कोणाची धाव समोर ठेवून सराव करायचा

साताऱ्यात सकाळी मैदानावर १०० मीटर मारणारी पोरं दोन प्रकारची असतात. काही पोलीस भरतीची तयारी करणारी, बाकीची शालेय आणि कॉलेजच्या स्पर्धांची. पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलचा व्हिडिओ दोघांच्याही मोबाइलवर असतो आणि प्रश्नही एकच असतो: यातल्या कोणाचं बघून शिकायचं? माझ्या मते दोघांचं उत्तर वेगळं आहे. भरतीत शेजारच्या लेनमध्ये कोण पळतंय याला काडीची किंमत नाही. घड्याळात जे पडेल त्याचे गुण. स्पर्धेत हीट (पहिली फेरी), सेमी, फायनल अशा पायऱ्या असतात आणि शेवटी कोण पुढे होता एवढंच बघतात. २०२४ च्या मोसमात हा फरक अगदी उघडा दिसला. त्या वर्षी पुरुषांत आणि महिलांतही मोसमातलं सगळ्यांत कमी टायमिंग एकाचं होतं आणि ऑलिम्पिकचं सुवर्ण दुसऱ्याच्या गळ्यात पडलं.

आधी पुरुषांचे आकडे समोर ठेवू. जमैकाचा किशेन थॉम्पसन जूनच्या शेवटी किंग्स्टनला निवड चाचणीत ९.७७ पळाला. त्या वर्षी त्याच्या खाली कोणी गेलं नाही. अमेरिकेचा नोआ लायल्स त्याच महिन्यात आपल्या निवड चाचणीत ९.८३ आणि जुलैमध्ये लंडनला ९.८१ पळाला. ४ ऑगस्टला पॅरिसच्या फायनलमध्ये दोघांच्याही नावापुढे ९.७९ लागलं. हजारांश सेकंदापर्यंत मोजलं तेव्हा लायल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९. पाच हजारांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम सहा सेंटीमीटर, तीन-चार बोटं.

ती फोटो-फिनिश एकदा निवांत बघा. थॉम्पसनचा पाय रेषेवर आधी पोचलेला दिसतो. पण नियमात पाय, हात, डोकं यातलं काहीच धरत नाहीत, धड धरतात. लायल्सनं छाती नेमक्या क्षणी पुढे टाकली होती. आपल्याकडे कितीतरी पोरं रेषेच्या दोन मीटर आधीच छाती टाकतात आणि तिथंच वेग घालवतात, तर काही जण रेषेवर चक्क उड्या मारतात. स्पर्धेच्या पोरांनी ती फ्रेम थांबवून बघावी. भरतीच्या पोरांचं त्यावाचून काही अडणार नाही.

लायल्स: हीटही हरला, सेमीही हरला

लायल्सची बाजू मला जास्त लांबवर सांगायची आहे, कारण शालेय स्पर्धांसाठी त्याच्यासारखा नमुना त्या वर्षी दुसरा नव्हता. पॅरिसला पहिल्या फेरीत तो १०.०४ पळून ब्रिटनच्या लुई हिंचलिफच्या मागे दुसरा आला. सेमीत जमैकाच्या ओब्लिक सेव्हिलनं ९.८१ पळून त्याला मागे टाकलं, लायल्स ९.८३. म्हणजे फायनलला उभा राहीपर्यंत त्यानं त्या स्पर्धेत १०० मीटरची एकही फेरी जिंकली नव्हती. थॉम्पसननं मात्र आपली हीट आणि सेमी दोन्ही जिंकल्या होत्या, सेमी तर ९.८० मध्ये.

फायनलला बंदुकीच्या आवाजानंतर लायल्सचा प्रतिसाद ०.१७८ सेकंदाचा. आठ जणांत याहून उशिरा कोणी सुटलं नाही. बोट्सवानाच्या टेबोगोचाही आकडा नेमका तोच. अमेरिकेच्याच फ्रेड कर्लीचा ०.१०८ होता, म्हणजे फॉल्स स्टार्टच्या (आवाजाआधीच सुटल्याचं धरतात त्या) ०.१०० च्या मर्यादेला जवळजवळ घासून. ३० मीटरला लायल्स सगळ्यांच्या मागे होता. तिथून त्यानं सात जणांना गाठलं. बघणाऱ्याला वाटतं की त्यानं शेवटी वेग वाढवला. तसं होत नाही. या पातळीवरचे धावपटू ६० ते ७० मीटरच्या दरम्यान सर्वोच्च वेगाला पोचतात आणि मग प्रत्येक जण मंदावतो. लायल्स सगळ्यांपेक्षा कमी मंदावतो. त्याचा सर्वोच्च वेग त्या दिवशी ताशी ४३ किलोमीटरच्या पुढे गेला होता आणि तो सांभाळताना त्याचा जबडा सैल होता, खांदे खाली होते. व्हिडिओ पाव वेगानं लावा आणि ७० मीटरनंतर पायांकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मग आपल्या जिल्हा स्पर्धेचा एखादा व्हिडिओ लावा: ७० मीटरला दात आवळलेले, मान मागे गेलेली, खांदे कानाला टेकलेले. तालुक्याला पहिला आलेला मुलगा विभागाला कोल्हापूर-सांगलीच्या पोरांसमोर शेवटच्या ३० मीटरमध्ये मागे पडतो, त्याचं निम्मं कारण इथं असतं. शेजारचा पुढे दिसला की तो ताणतो, आणि ताणला की संपला.

लायल्सकडून घ्यायचं ते एवढं: मागे असतानाही स्वतःची धाव न बिघडवणं. त्याची सुरुवात मात्र घेऊ नका. ती त्याची कमजोर बाजू आहे. अकरा-बारा सेकंदांत पळणाऱ्या मुलाकडे ३० मीटरला शेवटचं असूनही भरून काढायला तेवढा वेगच नसतो.

थॉम्पसन: भरतीवाल्यांनी याच्याकडे बघावं

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण १०० मीटरला आहेत. पुरुष उमेदवार ११.५० सेकंदांत किंवा त्याच्या आत आला तर पूर्ण १५, त्याच्यावर १२.५० पर्यंत १२. तीन गुणांवर यादीतली जागा जाते, हे ज्याची गेली आहे त्याला सांगावं लागत नाही. इथं फेऱ्या नाहीत, डावपेच नाहीत. एकदाच सुटायचं आणि घड्याळ थांबेपर्यंत पळायचं.

अशा मुलाचा वेळ कुठं जातो? नवखा धावपटू ४०-५० मीटरलाच सर्वोच्च वेगाला पोचतो आणि पुढचं अर्धं अंतर मंदावत जातो. म्हणून त्याला सुधारायचं असतं ते पहिलं ३०-४० मीटर, आणि त्या वर्षी हा भाग थॉम्पसनइतका ताकदीनं पळणारा मला दुसरा दिसला नाही. पॅरिसला प्रतिसाद त्याचाही ०.१७६, लायल्सइतकाच उशिरा, तरी काही पावलांत तो पुढच्यांच्या बरोबरीला होता. किंग्स्टनची चाचणी बघा. तिथं पहिल्या फेरीतच तो ९.८२ पळाला. डोकं खाली, पाठ आणि मागचा पाय एका सरळ रेषेत, आणि शरीर एका झटक्यात न उठता पावलागणिक हळूहळू उठत जातं. आपल्याकडची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच मान वर करून समोरची रेषा शोधतात. मान वर झाली की कंबर सरळ होते, आणि पाय मागे ढकलायच्या ऐवजी पुढे टाच आपटायला लागतात. ही एक खोड गेली तरी टायमिंगमध्ये फरक दिसतो.

भरतीला ब्लॉक (सुटताना पाय टेकवायचे ठोकळे) नसतात, बहुतेक मुलं उभ्यानंच सुटतात, मग थॉम्पसनचा काय उपयोग, असं कोणी विचारेल. ब्लॉकमधली पहिली दोन पावलं सोडून द्या. तिसऱ्या पावलापासून पंधराव्यापर्यंतचं बघा. उभ्यानं सुटलेल्यालाही ते तसंच लागू होतं. अजिंक्यताऱ्याच्या चढावर छोट्या-छोट्या धावा मारणाऱ्या मुलांना हे पुढे झुकणं आपोआप सापडतं, कारण चढावर ताठ उभं राहून पळताच येत नाही. फक्त चढ हलका निवडा आणि ३० मीटरच्या वर जाऊ नका.

थॉम्पसनची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. नडगीच्या दुखापतीनं त्याची आधीची काही वर्षं खाल्ली होती. ताकदीनं ढकलणारी धाव पायांवर भार टाकते. डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण वेगानं पळणाऱ्या पोरांच्या नडग्या भरतीच्या तारखेआधीच दुखायला लागतात. वेगाचा सराव माती किंवा गवतावर करा, आणि दोन कडक दिवसांच्या मध्ये एक हलका दिवस ठेवा.

यादीत वर असूनही मागे राहिलेले

केनियाचा फर्डिनांड ओमान्याला जूनमध्ये नैरोबीला ९.७९ पळाला. मोसमाच्या यादीत हे लायल्सच्या सुवर्णाइतकंच टायमिंग, पण पॅरिसला तो सेमीतच बाहेर पडला. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचावर आहे. विरळ हवेत अडथळा कमी होतो आणि छोट्या अंतराचे आकडे थोडे सुधारतात. पाचगणीत एखाद्याचं टायमिंग चांगलं लागलं तर साताऱ्यात खाली उतरून पुन्हा घ्यावं, मगच तुलना करावी. वाऱ्याचंही तसंच आहे. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असला तर ती वेळ विक्रमाला धरत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेचा अकानी सिंबिने ९.८२ च्या राष्ट्रीय विक्रमासह पॅरिसला चौथा आला. आधीच्या टोकियो ऑलिम्पिकलाही तो चौथाच होता. पुढे रिलेत शेवटचा टप्पा पळून त्यानं देशाला रौप्य मिळवून दिलं. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण शिकण्यासाठी त्याची धाव निवडावी असं वेगळं त्यात काही नाही. सेव्हिलचं उलट: सेमीत ९.८१ आणि फायनलला ९.९१, आठांत शेवटचा. पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत हाच सेव्हिल ९.७७ पळून विजेता झाला, थॉम्पसन दुसरा आणि लायल्स तिसरा. एका मोसमाच्या क्रमवारीवरून मुलाचं भविष्य ठरवणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

टेबोगो कोणासाठी

मुलगा लांब पायांचा असेल, १०० मीटरमध्ये सुरुवातीला मागे पडत असेल आणि २०० किंवा ४०० मध्ये पुढे येत असेल, तर बोट्सवानाचा लेट्सिले टेबोगो बघा. फेब्रुवारीत ३०० मीटरमध्ये ३०.६९ ही जगातली सर्वोत्तम वेळ, पॅरिसला १०० मीटरमध्ये ९.८६ सह सहावा, चार दिवसांनी २०० मीटरमध्ये १९.४६ सह सुवर्ण, आणि मग ४ बाय ४०० रिलेत रौप्य. बोट्सवानाचं ते पहिलंच ऑलिम्पिक सुवर्ण, तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि काही महिन्यांपूर्वीच त्याची आई गेली होती. त्या २०० मीटरला लायल्स कोविड झालेला असताना पळाला आणि १९.७० सह तिसरा आला, हेही खरं, पण १९.४६ ही वेळ कोणाच्या आजारपणामुळे लागत नाही. आपल्याकडे १०० मीटरचाच हट्ट फार. साताऱ्याची, माणची पोरं चिवट असतात. ज्याची जात २०० ची आहे त्याला तिकडे वळवावं.

मुलींसाठी: अल्फ्रेड, आणि यात मला शंका नाही

मोसमाचं सर्वांत कमी टायमिंग अमेरिकेच्या शाकॅरी रिचर्डसनचं, निवड चाचणीतलं १०.७१. सेंट लुसियाची ज्युलियन अल्फ्रेड पॅरिसला १०.७२ पळाली. कागदावर एक शतांश मागे. पण अल्फ्रेडची ती धाव पावसात, ओल्या ट्रॅकवर, किंचित समोरून येणाऱ्या वाऱ्यात होती, आणि रिचर्डसन त्याच धावेत १०.८७ सह दुसरी. १०० मीटरच्या फायनलमध्ये १५ शतांशांचं अंतर म्हणजे खूप मोठं. सेमीतही अल्फ्रेडनंच तिला हरवलं होतं. मार्चमध्ये ग्लासगोच्या इनडोअर जागतिक स्पर्धेत तिनं ६० मीटर ६.९८ मध्ये जिंकलं होतं, आणि पॅरिसला २०० मीटरचं रौप्यही तिचंच. सुरुवात पक्की आणि शेवटही पक्का, असं एका मोसमात दोन्ही दाखवणारी ती एकटीच.

रिचर्डसन सुरुवातीला मागे राहून शेवटी येते, लायल्ससारखी. पण लायल्सचं ज्या दिवशी साधलं तसं तिचं पॅरिसला साधलं नाही. म्हणून १४ किंवा १७ वर्षांखालच्या मुलीसमोर मी अल्फ्रेड ठेवेन. दोन लाखांच्या आतल्या वस्तीच्या बेटावरून आलेली, बाराव्या वर्षी वडील गेलेली, चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला शिकायला गेलेली मुलगी आपल्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक जिंकते, आणि तेही सुवर्ण. आपल्या पालकांना ‘मुलीला बाहेर पाठवायचं का’ हा प्रश्न पडतोच. त्यांच्यासाठी जवळचं उदाहरणही आहे: साताऱ्याच्याच सुदेष्णा शिवणकरनं २०२५ च्या उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ११.७६ सेकंदांत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

कोणाचीही धाव निवडा, आपलं टायमिंग या आकड्यांशेजारी लिहिण्याआधी ते कसं घेतलं ते बघा. वर दिलेल्या वेळा इलेक्ट्रॉनिक आहेत. हातातलं स्टॉपवॉच दाबणारा माणूस धूर किंवा आवाज कळल्यावर दाबतो, म्हणून हाताच्या वेळेत १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवून तुलना करतात. सरांच्या घड्याळात ११.३ पडलं म्हणून भरतीचे १५ गुण पक्के धरणाऱ्या मुलाचा हिशोब ११.५४ होतो. हातातल्या स्टॉपवॉचवर ११.२ किंवा त्याच्या आत यायला लागलात, की मग ११.५० ची भाषा करा.