दक्षिण सुदान: बियाण्याचं किट वाटायचं की बियाण्यांचा बाजार भरवायचा?

दक्षिण सुदानात शेतीच्या प्रोजेक्टवर गेलं की जानेवारी-फेब्रुवारीतच हा प्रश्न समोर येतो, युगांडातून तयार बियाणं आणून घरटी किट वाटायचं, की लोकांच्या हातात व्हाउचर देऊन गावातच एक दिवस बियाण्यांचा बाजार भरवायचा. मी देशाच्या दक्षिणेकडच्या ईस्टर्न इक्वेटोरिया राज्यात तोरीतच्या बाजूला दोन हंगाम काढले, एकदा किट वाटली आणि एकदा बाजार भरवला, त्यामुळे सांगतोय ते तेवढ्याच अनुभवावर. नाईलकाठच्या पूरपट्ट्यात गणित वेगळं असू शकतं.

किट वाईट नाही हे आधीच सांगतो. बियाणं सर्टिफाइड असतं, मोजणी सोपी, डोनरला रिपोर्ट सरळ जातो. जुलै २०१६ नंतर यादवीची लढाई इक्वेटोरियात पसरली तेव्हा गावंच्या गावं युगांडात गेली, बिदीबिदीसारख्या निर्वासितांच्या छावण्या भरल्या, आणि २०१८ च्या शांतता करारानंतर जे थोडे थोडे परत यायला लागले त्यांच्या गावात ना धान्याची कणगी शिल्लक ना विकणारा शेजारी. अशा ठिकाणी बाजार भरवणार कुणाच्या जिवावर? तिथे किटच लागतं. भाजीपाल्याचंही तसंच, कांदा-टोमॅटोचं बी तिथे घरोघरी धरत नाहीत.

पण माझं मन किटवरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे, उशीर. तोरीतकडे एप्रिलमध्ये पाऊस लागतो आणि लोक लगेच पेरायला घेतात. आमचा ट्रक आधी युगांडाच्या सीमेवर निमुलेला कागदांसाठी थांबला, पुढे चेकपोस्टमागून चेकपोस्ट, मग पावसानं रस्ता गेला आणि गाडी चिखलात रुतली, बियाणं गावात पोचलं तेव्हा मे अर्धा संपला होता. वाफसा कधीच निघून गेलेला. ज्यांना जमलं त्यांनी हातउसनं बी घेऊन पेरून टाकलेलं, बाकीच्यांचं रान तसंच पडून. लोक रांगेत उभे राहिले, पिशव्या घेतल्या, आभारही मानले, एकही जण वाकडं बोलला नाही, आणि मला तेच फार लागलं. बरं, बी औषध लावलेलं गुलाबी, म्हणजे पेरायची वेळ गेली आणि खायचीही सोय नाही, पण घरात उपास असला की माणसं तेही धुऊन शिजवतात, ही धाकधूक वेगळी. (किट असो की बाजार, बियाण्यासोबत थोडं खायचं धान्य द्याच, नाहीतर पेरायचं बी पोटात जातं.)

पुढच्या वर्षी बाजार भरवला. आसपासच्या ज्या शेतकऱ्यांकडे, व्यापाऱ्यांकडे बी होतं त्यांची आधी नोंद केली, आपल्याकडे गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतात तशी प्रत्येकाच्या बियाण्याची बघितली, आणि मार्चच्या शेवटी एका मोठ्या झाडाखाली गोण्या मांडल्या. ज्वारीला तिकडे दुरा म्हणतात, तिळाला सिमसिम. पाठीला मूल बांधलेली एक बाई दुराच्या चार गोण्या फिरली, प्रत्येक ठिकाणी मूठभर घेऊन फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायची आणि पुढे जायची. शेवटी लाल दाण्याचा घेतला. दुभाष्याकरवी विचारलं हाच का, तर म्हणाली पांढऱ्यावर पाखरं तुटून पडतात. आदल्या वर्षी आमच्या किटमध्ये एकच वाण होतं, पांढरं. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या कुणालाही यातलं काही वेगळं सांगायला नको, आणि आम्ही ऑफिसात बसून ते ठरवलं होतं.

तेव्हा पटलं की लढाईनंतर बऱ्याच गावांत बी संपलेलं नसतं, ते विकत घ्यायचे पैसे संपलेले असतात. बाजारात विकायला बसलेल्यांत बायका जास्त होत्या, संध्याकाळी त्यांनी व्हाउचर मोडून रोख घेतली, म्हणजे तो पैसा तालुक्यातच राहिला.

बाजारालाही त्रास आहेच. विकणारे एकी करून भाव चढवतात, तेव्हा जास्तीत जास्त भाव आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या. तिथला पौंड इतका घसरत असतो की फेब्रुवारीत छापलेल्या व्हाउचरमध्ये मार्चअखेर ठरवलेलं बी येईलच असं नाही, म्हणून रक्कम छापू नका, शेवटच्या आठवड्यात शिक्का मारा. आणि आजूबाजूला गोळीबार चालू असेल तर एवढी माणसं एका जागी गोळा करण्याचा विचारही करू नका, तिथे घरोघर किट दिलेलं बरं.

मला आज परत पाठवलं तर दुरा, सिमसिम, भुईमूग बाजारातून देईन आणि भाजीपाल्याचं बी छोट्या किटमधून. तुमच्या भागात चित्र वेगळं असेलही, पण ठरवण्याआधी जवळच्या आठवडी बाजारात एक चक्कर मारा आणि दुरा विकायला बसलेल्या बाईला एवढंच विचारा, यातलं पेरायचं कोणतं आणि खायचं कोणतं. तिनं दोन वेगळ्या गोण्या दाखवल्या तर ट्रकची ऑर्डर देऊ नका.